एका लिटरमधले शंभर किलोमीटर

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. विजेच्या हिशेबात जवळपास ९ युनिट. आता एक साधी पेट्रोल हॅचबॅक घ्या. आतल्या दोन माणसांसकट वजन १०५० किलो, रस्ता सपाट, वारा पडलेला, वेग ताशी ८०. टायर फिरत ठेवायला साधारण ११३ न्यूटन बल लागतं आणि समोरची हवा बाजूला सारायला १९६ न्यूटन. बेरीज ३०९. एवढं बल शंभर किलोमीटर लावत राहिलं तर काम होतं ३०.९ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ एका लिटरमध्ये असते तेवढीच ऊर्जा.

थोडक्यात, चाकांची गरज पाहिली तर ही गाडी लिटरला शंभर किलोमीटर जायला हवी. मोकळ्या हायवेवर ती जाते २२ च्या आसपास. गाडी कोणत्याही कंपनीची असली तरी या आकड्यात फार फरक पडत नाही.

उरलेले ७८ किलोमीटर कुठे जातात ते नीट समजून घ्यायला हवं. ॲव्हरेज वाढवण्याचे जे सल्ले आपण रोज ऐकतो (प्रीमियम पेट्रोल टाका, एअर फिल्टर बदला, उतारावर न्यूट्रल करा, थर्मोस्टॅट काढून टाका), ते या हिशेबात बसवून पाहिले की खरे कोणते आणि नुकसान करणारे कोणते हे लगेच कळतं. पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एकच इंजिन धरतो: चार सिलिंडर, ११९७ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७१.५ मिलिमीटर, कॉम्प्रेशन ११ ला १. आपल्या रस्त्यांवर अशी इंजिनं लाखोंनी आहेत.

वीस मिलिग्रॅम पेट्रोल

एका सिलिंडरची पोकळी २९९ सीसी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाही ती शंभर टक्के भरत नाही. फिल्टर, मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे जाणारे पाइप) आणि व्हॉल्व्हच्या फटीतून येताना हवेला अडथळा होतो. प्रत्यक्षात एका सक्शनमध्ये ०.३ ग्रॅम हवा आत येते. एक भाग पेट्रोल पूर्ण जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, त्यामुळे इंजेक्टर फक्त २० मिलिग्रॅमच्या आसपास पेट्रोल सोडतो. त्यातून मिळणारी उष्णता सुमारे ८८० ज्यूल.

पिस्टन वर येताना हे मिश्रण अकरा पट दाबलं जातं. तापमान ४०० अंशांच्या आसपास पोचतं, दाब २० बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब). मग प्लगवर ठिणगी पडते. तिची स्वतःची ऊर्जा अगदी किरकोळ, काही दशांश ज्यूलसुद्धा नाही. तिचं काम फक्त सुरुवात करून देण्याचं. तिथून ज्वाला निघते आणि चेंबरच्या कडांपर्यंत पसरत जाते. सगळं मिश्रण एकदम फुटतं हा समज चुकीचा आहे. एकदम फुटणं हा बिघाड आहे, त्याच्याकडे पुढे येतो. नीट जळायला क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) फेरीतले साधारण ४० अंश लागतात. ३००० आरपीएमला याचा अर्थ २.२ मिलिसेकंद.

या अवधीत वायूचं तापमान २२०० ते २५०० अंशांपर्यंत जातं आणि दाब ६० बारपर्यंत. ७३ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ६० बार म्हणजे अडीच टनांचा भार. पेट्रोलमधली रासायनिक ऊर्जा आधी उष्णता झाली, उष्णतेने दाब वाढला, दाबाने पिस्टन ढकलला. पुढे कनेक्टिंग रॉड आणि क्रँक मिळून ती सरळ रेषेतली ढकल फिरतीत बदलतात. उरलेल्या तीन स्ट्रोकमध्ये (धूर बाहेर टाकणं, हवा आत घेणं, दाबणं) शाफ्ट फिरत ठेवायचं काम फ्लायव्हीलचं आणि इतर सिलिंडरचं.

इथे वेळेला फार किंमत आहे. पिस्टन अगदी वरच्या टोकाला असतो तेव्हा रॉड आणि क्रँक एका सरळ रेषेत असतात. त्या क्षणी कितीही दाब आला तरी तो बेअरिंगवर जातो, शाफ्ट फिरत नाही. म्हणून सर्वाधिक दाब टोक ओलांडल्यावर १२ ते १६ अंशांवर यावा लागतो, आणि तसा तो यावा म्हणून ठिणगी टोकाच्या आधी, भार आणि आरपीएम बघून १० ते ३५ अंश आधी द्यावी लागते. ठिणगी फार लवकर पडली तर जळता वायू वर येणाऱ्या पिस्टनलाच विरोध करतो. उशिरा पडली तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो, दाब चढत नाही आणि ती उष्णता कामाला न येता सायलेन्सरकडे जाते. ज्या गाडीचं पिकअप गेलंय आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नेहमीपेक्षा जास्त तापतंय, तिथे टायमिंग मागे गेल्याचा संशय सगळ्यात आधी घ्यावा.

कागदावरच निम्मी गेलेली उष्णता

निकोलाउस ऑटोने १८७६ साली चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं. त्याच्या आवर्तनाची कमाल कार्यक्षमता फक्त कॉम्प्रेशनच्या प्रमाणावर आणि वायूच्या गुणधर्मावर ठरते. ११ ला १ असेल तर थंड हवेच्या गणिताने ६२ टक्के. पण तापलेल्या, इंधन मिसळलेल्या वायूचे गुण वेगळे असतात. ते धरले की आकडा ५१ टक्क्यांच्या आसपास उतरतो. अजून घर्षण मोजलेलं नाही, रेडिएटर मोजलेला नाही, तरी निम्मी उष्णता गेली. उष्णतेचं पूर्णपणे कामात रूपांतर करता येत नाही हे सादी कार्नोने १८२४ मध्येच मांडलं होतं.

असं का होतं ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी दिसतं. पॉवर स्ट्रोक संपायच्या ४०-५० अंश आधी तो उघडतो. त्या वेळी आतल्या वायूत अजून दाब असतो आणि तापही भरपूर असतो. तो वायू आणखी प्रसरण पावू दिला तर आणखी काम मिळेल, पण पिस्टनला खाली जायला जागाच उरलेली नसते. जेवढं दाबलं तेवढंच पसरता येतं. म्हणून इंधनातला जवळपास एक तृतीयांश वाटा गरम धूर होऊन बाहेर पडतो. टर्बोचार्जर (धुराच्या जोरावर फिरून जादा हवा आत ढकलणारा पंप) यातला थोडा भाग परत मिळवतो. हायब्रिड गाड्यांतल्या ॲटकिन्सन पद्धतीच्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून दाबण्याचा टप्पा छोटा आणि पसरण्याचा टप्पा मोठा ठेवतात. त्याने ताकद घटते, पण कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत नेता येते. घटलेली ताकद मोटर भरून काढते.

मग कॉम्प्रेशन वाढवत का नेत नाहीत? नॉकिंगमुळे. जास्त दाबलं की ज्वाला पोचायच्या आत कडेचं मिश्रण आपोआप पेट घेतं, दाबाच्या लाटा चेंबरमध्ये आपटतात आणि बॉनेटखालून खडखड ऐकू येते. ते लांबलं तर पिस्टनची कड आणि रिंगमधल्या पट्ट्या तुटतात. ऑक्टेन हा आकडा फक्त या आपोआप पेटण्याला होणारा विरोध मोजतो. त्याचा ऊर्जेशी संबंध नाही. साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आपल्याकडे बरीच वर्षं ९१ होतं. त्यासाठीच बनवलेल्या इंजिनात ९५ किंवा १०० चं पेट्रोल भरून ना ताकद वाढते ना ॲव्हरेज. उपयोग होतो तो उंच कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बो इंजिनात, जिथे नॉक सेन्सरने ठिणगी मागे ओढलेली असते आणि चांगल्या पेट्रोलवर ती परत पुढे नेता येते.

डिझेलमध्ये नुसती हवा दाबतात, त्यामुळे ही अडचण येत नाही. कॉम्प्रेशन १५ ते १८ पर्यंत नेता येतं. रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या इंजिनाने २६ टक्के कार्यक्षमता दाखवली होती, जी त्या काळातल्या वाफेच्या इंजिनांना शक्य नव्हती. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये ऊर्जाही जास्त, सुमारे ३६ मेगाज्यूल. डिझेल गाड्यांच्या ॲव्हरेजमधला काही भाग नुसता या घनतेचा आहे.

उलट बाजूला इथेनॉल. त्यात लिटरमागे फक्त २१ मेगाज्यूल. ई२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, म्हणूनच लिटरला ३० च्या आसपास मेगाज्यूल येतात, म्हणजे ६ ते ७ टक्के कमी. ई२० ला लागणाऱ्या हवेचं प्रमाणही १३.५ च्या आसपास येतं, त्यामुळे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ झाल्याचं (पेट्रोल कमी पडल्याचं) सांगतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ॲव्हरेजमधली एवढी घट गाडीचा दोष नाही. इथेनॉलचं ऑक्टेन मात्र उंच आहे. त्याचा फायदा घ्यायला इंजिनाचं कॉम्प्रेशनच वाढवून बनवावं लागतं. जुन्या इंजिनात नुसतं ई२० भरून तो मिळत नाही.

रेडिएटर आणि थर्मोस्टॅट

अडीच हजार अंशांचा वायू ॲल्युमिनियमच्या हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) चिकटून असतो, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. त्यामुळे भिंतींतून उष्णता काढून घेण्याला पर्याय नाही. ताशी ८० ला आपली गाडी तासाला ३.६ लिटर पेट्रोल जाळते, म्हणजे ३२ किलोवॅट उष्णता. त्यातली ९-१० किलोवॅट कूलंट, ऑइल आणि इंजिनाच्या अंगावरून जाते.

थर्मोस्टॅटबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. गाडी हीट होते म्हटलं की तो काढून टाकायचा सल्ला अजूनही बऱ्याच गॅरेजमध्ये मिळतो. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. तो ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो काढला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि हायवेवर इंजिन ६०-७० अंशांच्या वर चढतच नाही. मग ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. गार भिंतीवर पेट्रोलची वाफ होत नाही, ते ओघळून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल जाड राहिल्याने घर्षण वाढतं. ब्लो-बायमधली (रिंगच्या फटीतून खाली निसटणाऱ्या वायूतली) पाण्याची वाफ ऑइलमध्येच थिजते आणि फिलर कॅपखाली दुधी चिकटा दिसू लागतो. आणि गाडी हीट का होत होती ते कारण तसंच राहतं. बहुतेक वेळा ते यांपैकी असतं: नळाचं पाणी घातल्याने क्षार बसून चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला फॅन किंवा त्याचा रिले, झिजलेला वॉटर पंप, दाब न धरणारी रेडिएटरची कॅप.

कॅप ही साधी वस्तू म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उघड्या भांड्यात १०८ अंशांना उकळतं. कॅपने एक बारच्या आसपास दाब धरला की तेच १२५ च्या पुढे जातं. कॅपचं रबर गेलं की घाटात, ट्रॅफिकमध्ये कूलंट आधीच उकळतं, वाफेचे बुडबुडे हेडमध्ये अडकतात, तिथलं धातूचं तापमान चढतं, हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. हे सगळं एका स्वस्त कॅपमुळे.

तापमानाचा काटा वर चढताना दिसला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात लावा. हीटरचा कोअर हा छोटा रेडिएटरच आहे, तेवढी उष्णता तो काढतो. मग कडेला थांबा. कॅप अर्धा-पाऊण तास तरी उघडायची नाही. आतलं १२० अंशांचं पाणी फक्त दाबामुळे पाणी राहिलेलं असतं, दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

थ्रॉटलचं भाडं

आपल्या इंजिनाची सर्वोत्तम कार्यक्षमता ३५ टक्क्यांच्या आसपास आहे. ताशी ८० ला ते चालतं २७ टक्क्यांवर. हा फरक भाराचा आहे, आणि माझ्या मते इंजिनाबद्दल सामान्य चालकाला सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट हीच.

ताशी ८० ला शाफ्टवर फक्त ८-९ किलोवॅट लागतात. इंजिन त्याच आरपीएमला याच्या तिप्पट देऊ शकतं. पेट्रोल इंजिनात ताकद कमी करायची तर हवाच कमी घ्यावी लागते, कारण हवा आणि पेट्रोलचं प्रमाण ठरलेलं आहे. म्हणून हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते. तिच्यामागे मॅनिफोल्डमध्ये दाब अर्ध्या बारपर्यंत उतरतो आणि प्रत्येक सक्शनला पिस्टनला ती अर्धवट पोकळी ओढावी लागते. हे ओढणं आणि त्याच्या जोडीला रिंग, बेअरिंग, कॅम, पंप यांचं घर्षण म्हणजे दुकानाचं भाडं आहे: गिऱ्हाईक एक येवो की शंभर, तेवढंच द्यायचं. शाफ्टवरचं काम कमी असेल तर भाड्याचा वाटा मोठा होतो. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवलं तर सगळंच भाडं: एसी बंद असताना तासाला ६०० ते ८०० मिलिलिटर, एसी चालू असेल तर लिटरच्या आसपास.

यातून गिअर कधी बदलायचा ते ठरतं. तेवढीच ताकद कमी आरपीएमला आणि जास्त उघड्या थ्रॉटलने घेतली तर भाडं कमी पडतं. ताशी ८० ला चौथ्याऐवजी पाचवा गिअर म्हणूनच फायद्याचा. पण याला खालची मर्यादा आहे. १३००-१४०० आरपीएमला पाचव्यात चढ घेऊन ॲक्सिलरेटर दाबला तर मिश्रणाला आपोआप पेटायला भरपूर वेळ मिळतो, नॉक होतं, ईसीयू ठिणगी मागे घेतो आणि वाचवलेलं सगळं एक्झॉस्टमध्ये जातं. चढावर इंजिन गुरगुरायला लागलं की लगेच खालचा गिअर टाकावा.

घर्षणाचा सगळ्यात मोठा वाटा पिस्टन आणि रिंगचा. ३००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सात मीटरच्या वर असतो, म्हणून ऑइलची जाडी महत्त्वाची. ज्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० सांगितलंय त्यात "आपल्याकडे ऊन फार" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतू नये. बेअरिंगमधली फट पातळ ऑइलच्या हिशेबाने ठेवलेली असते, आणि इंजिनाच्या आतलं तापमान बाहेरचं ऊन ठरवत नाही, थर्मोस्टॅट ठरवतो. सकाळी पाच मिनिटं जागेवर तापवत बसायचीही गरज नाही. वीस-तीस सेकंदांत ऑइलचा दाब सगळीकडे पोचतो. मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवावं, त्यात इंजिन लवकर तापतं.

ताशी ८० चा जमाखर्च आता असा मांडता येतो. शंभर भागांपैकी ३३ सायलेन्सरमधून, ३० कूलंट आणि इंजिनाच्या अंगावरून, १० थ्रॉटल आणि घर्षणात, २७ शाफ्टवर. शाफ्टवरच्या २७ पैकी तीन-एक भाग आल्टरनेटर आणि इतर पट्ट्यांवरच्या यंत्रांना, दोन गिअरबॉक्स आणि बेअरिंगला. चाकांना उरले २२. हे ढोबळ आकडे आहेत, गाडीगणिक दोन-चार भाग इकडेतिकडे होतात.

बिघाड कुठे ओळखायचा

एअर फिल्टरपासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. कार्ब्युरेटरच्या काळात चोंदलेल्या फिल्टरने मिश्रण घट्ट व्हायचं आणि ॲव्हरेज पडायचं. इंजेक्शनच्या गाडीत हवा मोजून पेट्रोल सोडलं जातं. फिल्टर चोंदला तर थ्रॉटल थोडा जास्त उघडतो, बस. त्याने पूर्ण ताकद आणि पिकअप घटतं, रोजचं ॲव्हरेज जवळपास तसंच राहतं. फिल्टर बदलायचाच, पण तो धूळ आत जाऊन रिंग झिजू नये म्हणून.

मिसिंग मात्र दुहेरी मार देतं. एका सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल गेली की तिथलं पेट्रोल न जळता बाहेर जातं, आणि त्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजनच दिसतो. तो मिश्रण पातळ असल्याचं सांगतो आणि ईसीयू चांगल्या सिलिंडरांनाही जादा पेट्रोल देऊ लागतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू निवळवणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतं. कन्व्हर्टर ४०० ते ८०० अंशांत नीट काम करतो. त्याच्या बऱ्याच वर गेला तर आतली जाळी वितळते, वाट चोंदते आणि इंजिनाला श्वास सोडता येत नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ हाच असतो. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडून हळू चालवत जवळचं गॅरेज गाठावं. साध्या निकेल प्लगना ४० हजार किलोमीटरच्या आसपास बदलावं लागतं, इरिडियमचे त्याच्या दुप्पट तरी टिकतात. झिजलेल्या प्लगमधलं अंतर वाढतं, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि त्याच्या पाठोपाठ कॉइल जाते.

सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक चीर गेली असेल तरी असंच होतं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो, पेट्रोल वाढतं. ॲव्हरेज पडलंय, दिवा लागलेला नाही आणि थंड इंजिनावर टकटक आवाज येतोय, पण तापल्यावर तो कमी होतो: अशा वेळी मॅनिफोल्डचं गॅस्केट पाहावं.

सायलेन्सरमधून पाणी टपकतंय म्हणून मात्र घाबरू नये. एक लिटर पेट्रोल जळून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पाइप थंड असेपर्यंत ते दिसतं, तापला की वाफ होऊन जातं. रोज फक्त दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते कधीच पूर्ण वाळत नाही, म्हणून अशा गाड्यांचे सायलेन्सर आतून गंजतात.

चाकांच्या बाजूचे दोन बिघाड लवकर सापडतात. टायरमध्ये ३३ ऐवजी २५ पीएसआय हवा असेल तर लोळण्याचा विरोध वाढतो आणि दोन टक्क्यांच्या आसपास पेट्रोल जातं. ब्रेकच्या कॅलिपरची पिन अडकली असेल तर त्याहून खूप जास्त. ओळखायचं कसं? सपाट रस्त्यावर ब्रेक फारसे न वापरता दहा किलोमीटर जा, थांबा आणि चारही रिमजवळ हात न लावता नुसता धरून पाहा. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथे पॅड घासतोय.

विजेचंही पेट्रोलच लागतं. आल्टरनेटर शाफ्टच्या कामातली ६० टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा वीज करून देतो. जुन्या हॅलोजन हेडलाइटचे ११० वॅट तासाला ६०-७० मिलिलिटर पेट्रोल खातात. मे महिन्यातल्या मुंबईत एसीचा कॉम्प्रेसर शाफ्टवरून दोन किलोवॅट घेऊ शकतो, आणि ताशी ८० ला शाफ्टवर एकूण ८-९ किलोवॅटच लागत होते हे लक्षात घ्या. कंपनी जो ॲव्हरेजचा आकडा सांगते तो रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरवून दिलेल्या वेगांनी आणि कमाल ताशी ९० ने मोजलेला असतो. एक्स्प्रेसवेवर १०० ने जाताना लागणारं बल ३०९ वरून ४१९ न्यूटन होतं, तेव्हा तो आकडा मिळणार नाही हे उघड आहे.

शहर आणि घाट

ताशी ६० च्या वेगात आपल्या गाडीत १४६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. सिग्नलला ब्रेक मारून थांबलं की ती डिस्कमध्ये उष्णता होऊन गेली. परत ६० गाठायला १५ मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. वेग ४० असेल तर निम्म्याहून कमी, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. लांबूनच लाल दिवा दिसला तर गिअरमध्ये ठेवूनच ॲक्सिलरेटर सोडावा. हायब्रिड गाडी शहरात एवढी पुढे जाते ती याच जागी. थांबतानाची ऊर्जा ती मोटर उलटी चालवून बॅटरीत घेते, आणि कमी भाराला इंजिन बंदच ठेवते, त्यामुळे थ्रॉटलचं भाडंही वाचतं.

घाटात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना उंची साधारण ५५० मीटरने वाढते. १०५० किलोची गाडी तेवढी उचलायला ५.७ मेगाज्यूल लागतात. इंजिनाचे तोटे धरून सपाट रस्त्यापेक्षा अर्धा लिटरहून थोडं जास्त पेट्रोल. भार चांगला असल्याने या वेळी इंजिन आपल्या सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या जवळ चालतं, पण उष्णताही जास्त निघते आणि वेग कमी असल्याने रेडिएटरवर वारा कमी असतो. टर्बो गाडी चढ संपताच बंद करू नये. मिनिटभर तरी चालू ठेवावी, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं थांबलेलं ऑइल तिथेच करपतं.

उतरताना ते ५.७ मेगाज्यूल कुठेतरी जायलाच हवेत. पंधरा किलोमीटरच्या उतारावर ताशी ४५ ने जाताना हवा आणि टायर २.६ घेतात. उरले ३.१. ते सगळं ब्रेकवर टाकलं आणि मध्ये थंड व्हायला वेळ मिळाला नाही, तर २० किलोच्या आसपास लोखंडाचं तापमान ३०० अंशांहून जास्त वाढेल.

तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून ठेवला तर चित्र पालटतं. सपाट रस्त्यावर पेट्रोल खाणारं तेच थ्रॉटलचं ओढणं आणि तेच घर्षण आता गाडी मागे धरतं. २५०० आरपीएमला इंजिन चार ते पाच किलोवॅट शोषतं, वीस मिनिटांत पाच मेगाज्यूल, आणि ती उष्णता रेडिएटरमधून बाहेर जाते. ब्रेक फक्त तीव्र वळणांपुरते लागतात. या काळात इंजेक्टर पूर्ण बंद असतात, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात आणि आरपीएम दीड हजाराच्या वर असेपर्यंत ईसीयू पेट्रोल सोडत नाही. न्यूट्रल केलं तर इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला पेट्रोल लागतं, त्या वीस मिनिटांत दोनशे मिलिलिटरच्या वर. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोलही जास्त जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. किल्ली बंद करून उतरणं तर जिवावरचं आहे: ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा दाबल्यावर संपतो, स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली पूर्ण फिरली तर ते लॉकही होतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरलेलं १५५ लाच उकळू शकतं. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फरशीला टेकतं, तरी पॅडवर जोर पोचत नाही. किलोमीटर कितीही झालेले असोत, हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी राहत असेल तर पावसाळा संपल्यावर टेस्टरने ओलावा तपासून घ्यावा. उतारावर पेडल मऊ लागायला लागलं तर ते भराभर पंप करत खालचे गिअर टाका, हँडब्रेक हळूहळू ओढा, डोंगराच्या बाजूला थांबा आणि चाकं गार होईपर्यंत त्यांच्यावर पाणी ओतू नका. तापलेल्या डिस्कला तडा जातो.